कुमारवयातील खर्रा, सुपारी व तंबाखू : वैद्य आणि औषधी विक्रेते यांचे कर्तव्य

नववी-दहावीतील मुलगा आईबरोबर दवाखान्यात येतो. तक्रार असते तोंड येण्याची. भाजीचे तिखट सहन होत नाही, भाकरी मोठ्या घासाने खाता येत नाही, भूक मंदावली आहे आणि वजन घटले आहे. घरच्यांच्या मते हे सारे 'उष्णते'मुळे झालेले असते. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तोंडात लावायचे जेल यांचे दोन-तीन फेरे औषधी दुकानातून आधीच झालेले असतात. खर्रा किंवा सुपारी हा शब्द मात्र कोणीच उच्चारत नाही, कारण कोणी विचारलेले नसते. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर व घाटाखाली व्यवसाय करणाऱ्या बहुतेक वैद्यांना असा रुग्ण परिचित असेल. या रुग्णाचे निदान तो सोळाव्या वर्षी आपल्यासमोर असताना होते की तिशीत कर्करोग रुग्णालयात होते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रश्नाची व्याप्ती कळण्यासाठी काही आकडे पाहणे आवश्यक आहे. सन २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडील व्यसन प्रामुख्याने तोंडात ठेवण्याचे आहे. सन २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू सेवन करणारे आढळले. त्याच सर्वेक्षणातील एक बाब अधिक विचार करायला लावणारी आहे. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ५२ टक्के मुलांनी तिची सुरुवात वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच केली होती. दहा वर्षांचे मूल चौथीत असते. महाविद्यालयात गेल्यावर मुले बिघडतात ही आपली समजूत या आकड्यापुढे टिकत नाही.

खर्रा आणि तांबूल

सुपारीचे बारीक काप, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेले मिश्रण म्हणजे खर्रा. राज्याच्या अन्य भागांत त्याच धर्तीच्या मिश्रणाला मावा म्हणतात. विदर्भात खर्रा बाराही महिने मिळतो. सोबत सुट्टी तंबाखू, सुगंधित सुपारीच्या पुड्या आणि घरातील स्त्रिया दातांना लावतात ती मशेरी ही सर्व एकाच कुळातील होत. आजी-आईची मशेरी पाहत मोठे होणारे आणि वडिलांसाठी टपरीवरून पुडी आणणारे मूल या द्रव्यांना परके समजत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुले, सुट्टीत कापूस वेचायला जाणारी मुले आणि एस.टी.ने तालुक्याच्या शाळेत ये-जा करणारी मुले यांना हा पदार्थ सहज हाती लागतो. भूक मरते आणि काम रेटते, एवढे कारण सुरुवातीला पुरते.

'पान-सुपारी तर आपल्या शास्त्रातच आहे', असा युक्तिवाद पालक करतात आणि कधी कधी आपणही तो मान्य करून टाकतो. त्याचा विचार नीट व्हावा. दिनचर्येत सांगितलेले तांबूल हे नागवेलीचे पान, कात, कंकोल, जायफळ, कर्पूर अशा द्रव्यांसह भोजनोत्तर अल्प प्रमाणात घ्यावयाचे आहे. वाग्भटाचार्यांनी क्षत, रक्तपित्त, रूक्षता, नेत्रप्रकोप, विष, मूर्च्छा, मद व शोष या अवस्थांत ते अपथ्य मानले आहे. भावप्रकाशात पूग गुरु, रूक्ष, कषाय व मोहन म्हटला असून ओली सुपारी अग्नी व दृष्टी यांना हानिकर सांगितली आहे. तमाखू तर बृहत्त्रयीत नाहीच. ती पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर या देशात आली. पानाशिवाय, भोजनाच्या संबंधाशिवाय, दिवसभर गालात धरून ठेवलेल्या खर्ऱ्याला तांबूलाचे शास्त्रप्रामाण्य देता येत नाही.

विकृती कशी घडते

सुपारीतील अॅरेकोलीन हे अल्कलॉइड मुखश्लेष्मकलेखालील तंतुजनक पेशींना उत्तेजित करते. सुपारीतील टॅनिन व कॅटेचिन तयार झालेल्या कोलॅजेनचे विघटन होऊ देत नाहीत. तिच्यात तांब्याचे प्रमाणही लक्षणीय असते आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट गुंफणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराची क्रिया तांब्यामुळे वाढते. परिणामी गालाच्या आतील मृदू त्वचा पांढुरकी व कडक होते, तिच्यात उभे पट्टे जाणवू लागतात आणि तोंड उघडणे क्रमाक्रमाने कमी होते. चुन्यामुळे मिश्रण क्षारधर्मी बनते. त्यामुळे तंबाखूतील निकोटीन श्लेष्मकलेतून त्वरेने शोषले जाते व व्यसन लवकर जडते. सुपारी व्रण घडविते आणि तंबाखू ती सुपारी सोडू देत नाही, असे हे साहचर्य आहे.

या विकाराचे आधुनिक वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केनियातील भारतीय स्त्रियांमध्ये केले. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये त्यास 'सबम्यूकस फायब्रोसिस' ही संज्ञा दिली. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यातील रुग्णांच्या १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ वर्षांच्या पाठपुराव्यात ७.६ टक्के रुग्णांत त्याचे कर्करोगात रूपांतर झालेले दिसले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीचाही समावेश मानवामध्ये कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केला. 'तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे' हे पालकांचे समाधान म्हणूनच फसवे आहे.

आयुर्वेदीय दृष्टीने सुश्रुताचार्यांनी ६५ मुखरोग वर्णिले आहेत. त्यांपैकी एकाशी या विकाराचे तंतोतंत सादृश्य दाखविण्याचा आग्रह धरण्यापेक्षा संप्राप्ती पाहणे हितावह ठरते. तंबाखूच्या उष्ण-तीक्ष्ण गुणांमुळे प्रथम पित्त व रक्त दुष्ट होऊन दाह, स्फोट व तिखट सहन न होणे ही लक्षणे दिसतात. पुढे कषाय-रूक्ष सुपारीच्या सतत संपर्काने वातप्रकोप होऊन स्थानिक शोष, काठिण्य व संकोच येतो. पित्तप्रधान अवस्था हा आपला काळ आहे. वातप्रधान संकोच पूर्ण झाल्यावर कोणत्याही चिकित्सापद्धतीचा हात तोकडा पडतो.

वयाविषयी शास्त्राचे म्हणणे

चरकाचार्यांनी विमानस्थानात सोळा वर्षांपर्यंतच्या वयाला अपरिपक्वधातूंचे, क्लेश सहन न करणारे व अपूर्ण बलाचे म्हटले आहे. त्यापुढे तिसाव्या वर्षापर्यंत धातू वाढत असतात, परंतु सत्त्व बहुधा अस्थिर असते, असे ते सांगतात. मेंदूचा संयम व निर्णय यांच्याशी संबंधित पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो, हे आजचे चेताशास्त्र सांगते. कुमारवयात निकोटीनची पकड प्रौढांपेक्षा लवकर व घट्ट बसते, त्याचे कारण यातच आहे. 'समज आहे तरी खातो' असा दोष मुलाला देताना त्याचे सत्त्व अजून घडते आहे, हे ध्यानी असावे.

अष्टांगहृदयातील नस्यविधी अध्यायात उपक्रमांच्या वयोमर्यादा दिल्या आहेत. कवल पाचव्या वर्षापूर्वी नको, नस्य सातव्यापूर्वी नको, शोधन दहाव्यापूर्वी नको आणि धूम अठराव्या वर्षापूर्वी नको. हा धूम औषधी द्रव्यांचा आहे, तरीही अठरा वर्षांची अट घातलेली आहे. सन २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानेही विक्रीसाठी अठरा वर्षांचीच मर्यादा ठेवली. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिड्या वा सिगारेटी किशोरांना 'निरुपद्रवी' म्हणून सुचविणाऱ्यांनी हा संदर्भ अवश्य पाहावा. ई-सिगारेटवर तर २०१९ च्या कायद्याने देशभर पूर्ण बंदी आहे.

विचारणे व तपासणे

आठ वर्षांवरील प्रत्येक मुलाचे तोंड तपासावे, तक्रार कोणतीही असो. पोटदुखी, मलावरोध, भूक न लागणे, दंतशूल व वारंवार मुखपाक या तक्रारींत तर ते अनिवार्य समजावे. प्रश्न पालकांसमोर विचारू नये. पालकांना काही क्षण बाहेर बसवून आधी मित्रांविषयी विचारावे, मग त्याच्याविषयी. 'तुझ्या वर्गातली मुलं काय खातात?' या प्रश्नाचे उत्तर मिळते. 'तू खर्रा खातोस का?' या प्रश्नाला नकारच येतो. मुलींनाही विचारावे. मशेरीची सवय त्यांना घरातच लागते आणि टपरीवर न जाणाऱ्या मुलीचे तोंड कोणी तपासत नाही.

तपासणीस उपकरणे लागत नाहीत. मुलाला स्वतःची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे उभी जोडून दातांमध्ये घालावयास सांगावे. बोटे त्याचीच असल्याने वयानुसार माप आपोआप जुळते. तिन्ही बोटे गेली नाहीत तर संकोच सुरू झाला असे समजावे. वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांतील अंतर मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये घेऊन केसपेपरवर तारखेसह नोंदवावे. पूर्ण वाढ झालेल्या किशोरात ते ३५ पेक्षा कमी असणे संशयास्पद होय. गालाच्या आतून बोट फिरवून पट्टे चाचपावेत, जीभ किती बाहेर येते ते पाहावे, गाल फुगवायला सांगावे. शिटी वाजवता न येणे, पाणीपुरी तोंडात न जाणे अशी लक्षणे मुले स्वतःहून सांगतात, फक्त ऐकणारा हवा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, कडक गाठ किंवा मानेतील ग्रंथी आढळल्यास औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्णास दंतवैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. शासकीय दंत महाविद्यालये नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.

चिकित्सा आणि तिची मर्यादा

निदान परिवर्जन ही येथे पहिली व सर्वांत महत्त्वाची चिकित्सा आहे. खर्रा चालू ठेवून दिलेले कोणतेही तैल वा घृत व्यर्थ जाते. अहितकर सवय सोडताना चतुर्थांशाने कमी करीत जाण्याचा पादांशिक क्रम चरकाचार्यांनी सांगितला आहे. दिवसाला चार-पाच वेळा खाणाऱ्या किशोराला तो उपयोगी पडतो. एक वेळ वगळावी, ती सुटली की दुसरी, आणि शेवटच्या दिवसाची तारीख आधीच ठरवावी. दिवसातून एखाद्या वेळी खाणाऱ्याने मात्र त्याच दिवशी थांबावे. त्याला 'हळूहळू' सांगणे म्हणजे परवानगी देणे होय. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस चिडचिड, अनिद्रा, मलावरोध व अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे असतात व दोन ते चार आठवड्यांत शमतात. हे मुलाला व घरच्यांना आधी सांगितले तर मूल 'वाईट वागते' असा गैरसमज होत नाही. घरी भाजलेली बडीशेप, तीळ, जवस किंवा ज्येष्ठमधाची कांडी खिशात ठेवावयास द्यावी.

दाहावस्थेत यष्टीमधु, घृत व त्रिफळाक्वाथाचा कवल उपयुक्त ठरतो. काठिण्याकडे झुकलेल्या अवस्थेत कोमट तीळतैल वा इरिमेदादी तैलाचा कवल दिवसातून दोनदा करावा. प्रतिसारणासाठी तीक्ष्ण व क्षारीय द्रव्ये वापरू नयेत. अग्नी सुधारणे, मलप्रवृत्ती नियमित राखणे आणि तिखट वर्ज्य करून दूध, तूप, मऊ भात, मुगाचे वरण असा स्निग्ध-मृदू आहार ठेवणे आवश्यक आहे. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करवावा. आइस्क्रीमच्या सपाट लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सहज मावतील तेवढ्या काही मिनिटे धरावयास सांगाव्यात व दर आठवड्यास एक वाढवण्याचा प्रयत्न करावा.

दृढ झालेले पट्टे औषधाने विरघळतात, असा दावा आपण करू नये. सवय सुटल्यास दाह कमी होतो, रोगाची गती बहुधा रोखता येते आणि व्यायामाने तोंडाचे उघडणे काही अंशी सुधारते. तथापि कर्करोगाचा धोका पूर्णतः जात नाही. म्हणून असा रुग्ण बरे वाटल्यावरही दर सहा महिन्यांनी तपासणे आवश्यक आहे.

औषधी दुकानाचे स्थान

अनेक खेड्यांत मुलाच्या तोंडाची तक्रार प्रथम औषधी दुकानाच्या काउंटरवर पोहोचते. एकच मुलगा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तोंडाचे जेल न्यायला आला, तर त्याला चौथे न देता वैद्याकडे पाठवावे. संघटनेच्या सदस्य विक्रेत्यांनी एवढा एक नियम पाळला तरी अनेक रुग्ण वेळेत सापडतील.

दुसरी बाब खदिरादी वटीची. मुखरोगात आपण ती सर्रास देतो. तिच्या प्रचलित पाठात खदिरासोबत जाती, कर्पूर व कंकोल यांच्या जोडीला पूग म्हणजे सुपारीही आहे आणि बाजारातील अनेक उत्पादनांत ती असते. इतर मुखरोगांत तिचे स्थान काहीही असो, सुपारीमुळेच रोग झालेल्या व सुपारी सोडू पाहणाऱ्या मुलाला दिवसभर चघळण्यासाठी ती देणे तर्कसंगत नाही. आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांची यादी देणे औषधी नियमावलीच्या नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. ती यादी वाचून पूगविरहित पाठ निवडावा अथवा केवळ यष्टीमधु वा खदिर वापरावा.

तिसरी बाब दंतमंजनाची. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये केंद्र शासनाने मनाई केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तरी मंजनाच्या नावाने तंबाखूयुक्त भुकटी मागणारे ग्राहक येतात. ती दुकानात असू नये, तसेच काउंटरवरील बरणीत मुलांसाठी गोड सुपारीच्या पुड्याही असू नयेत. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली व पुढील आदेशांत सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारी यांचाही समावेश झाला. हे आदेश अमलात आणणारे अन्न व औषध प्रशासन हेच आपल्या औषध परवान्याचेही प्रशासन आहे, हे व्यवहाराच्या दृष्टीनेही लक्षात ठेवावे.

शाळा व कायदा

सन २००३ च्या कायद्यातील कलम ६ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत ते विकणे हा गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७७ याहून कठोर आहे. बालकास तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावातील टपरीवाल्यास हे बहुधा ठाऊक नसते. वैद्याने ते सांगितले तर त्यास वजन येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून राबविला जात असून त्याच्या फिरत्या पथकांत आयुष पदवीधर वैद्यकीय अधिकारी आहेत. म्हणजे शाळेच्या वर्गात जाऊन मुलांची तोंडे पाहण्याचे काम आपल्याच पदवीच्या बंधू-भगिनींकडे आहे. खासगी व्यावसायिकांनी आपल्या भागातील पथकाशी संपर्क ठेवल्यास संशयित मुलांचा पाठपुरावा तुटणार नाही. दहा ते एकोणीस वर्षे वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक दवाखान्यात व औषधी दुकानात ठळकपणे लावावा.

सिंदखेड राजापासून संग्रामपूरच्या सातपुड्यापर्यंत तेराही तालुक्यांत आपल्या संघटनेचे सदस्य विखुरलेले आहेत. प्रत्येक सदस्याने येत्या तीन महिन्यांत आपल्याकडे आलेल्या आठ ते अठरा वर्षे वयाच्या मुलांचे तीन बोटांचे माप घेऊन नोंद ठेवावी आणि तालुका शाखेने ती संकलित करावी, अशी विनंती आहे. जिल्ह्यातील मुलांच्या तोंडांची खरी स्थिती अशा नोंदींतूनच आपल्यासमोर येईल. त्या नोंदींपैकी एका जरी मुलाचे निदान पट्टे दृढ होण्यापूर्वी झाले, तरी त्याला पुढील आयुष्यभर पोटभर व निर्वेध जेवता येईल.